हाताच्या उंचीचं कुंपण

कापलेल्या मेंदीचा वास अंगाला लागला की दिवसभर जात नाही. थोडा सुकत आलेल्या गवताचा, थोडा चहापत्तीचा. संध्याकाळी डिंगोऱ्याला घरी येऊन मी चुलीपाशी बसायचे तेव्हा बोटांत अजून मशीनची थरथर असायची. डोळे मिटले की हिरव्या भिंती समोरून सावकाश सरकत जायच्या. एसटीतून उतरल्यावरही थोडा वेळ रस्ता पायाखालून पळतो ना, तसं. मुलं म्हणायची, आई बसल्या बसल्या झोपली. मी झोपलेली नसायचे. कुंपणाच्या कडेनं चालत असायचे.

कुंपणं कापणं हे माझं काम होतं. बंगल्यांची, शेतघरांची, शाळांच्या आवारांची. मेंदी, कोयनेल, जास्वंद, जे असेल ते. हे काम मला मेंढरांनी शिकवलं असं म्हणायला हरकत नाही. वडील धनगर. मेंढरू मांडीवर आडवं घेऊन ते कातर चालवायचे तेव्हा लोकर गोधडीसारखी एका तुकड्यात उतरायची. कातर पहिल्यांदा माझ्या हातात आली ती तिथंच. पुढं मेंढरं गेली, थोडी शेती राहिली. लग्नानंतर मी नारायणगावच्या बाजूला एका नर्सरीत लागले आणि मेंढरांच्या जागी झाडं आली. अंगावर वाढलेलं उतरवायचं, पण कातडीला लागू द्यायचं नाही. दोन्हींकडं गोष्ट तीच.

आधी हातकातर होती. मग पेट्रोलचं मशीन आलं. त्याची दोरी ओढून ओढून माझा खांदा निखळायचा, आणि आवाज तर असा की दुसऱ्या वाडीतली कुत्री भुंकायची. त्यानंतर बॅटरीवरचं मशीन आलं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढं हातभर लांब चपटं पातं, त्याला दोन्ही कडांनी दात. खरं तर ती एकावर एक बसवलेली दोन पाती असतात. ती एकमेकींवर मागंपुढं सरकतात आणि दातांत सापडलेली काडी कातरून टाकतात. मागं बॅटरी, खटकन बसणारी, आणि खांद्यात अडकवायला पट्टा. धरायला दोन मुठी आणि प्रत्येक मुठीला एक खटका. दोन्ही हात जागेवर असतील तरच ते चालतं. एक हात सुटला की थांबतं.

त्याच्या पात्याला धार लावायला मी जुन्नरला इस्माईलचाचांकडं जायचे. बाजारपेठेत त्यांचं छोटं दुकान, दारातच सहाण फिरायची. सुऱ्या, कात्र्या, खाटकांचे सत्तूर, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. मशीन पहिल्यांदा नेलं तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, बॅटरी काढून बाकड्यावर ठेवली आणि म्हणाले, "हे बघ बेटी. मशीन बंद असनं येगळं, मशीन मेलेलं असनं येगळं. बॅटरी काढली म्हंजे मेलं. काडी अडकली, पातं पुसायचंय, नुसतं खांद्यावर टाकून चालायचंय, आदी त्याला मारायचं. मग हात लावायचा."

बाकीचं मला झाडांनी शिकवलं. मशीन लावायच्या आधी कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी रिकाम्या हातांनी चालून यायचं. आत जुनी तार असते, पतंगाचा दोरा असतो, गांधीलमाश्यांचं पोळं असतं. काठीनं बुंध्याशी हळू ठोकायचं, म्हणजे साप असला तर वाट काढतो. बुलबुलाचं घरटं दिसलं तर तेवढी जागा सोडून पुढं जायचं, मालक काहीही म्हणो. मी साडीवर जाड शर्ट घालायचे, पदर घट्ट खोचायचे, केस टोपीत, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, पायात बूट. बायका हसायच्या. कापताना खालून वर यायचं आणि कुंपणाला परकराचा आकार द्यायचा, खाली घेरदार, वर निमुळता. खाली ऊन पोचलं नाही तर पानं झडतात आणि कुंपण उघडं पडतं. माथ्यासाठी दोरी ताणायची. करंगळीहून जाड फांदी मशीनला द्यायची नाही, तिला करवत. पानं ओली असताना कापायचं नाही. मोकळी बॅटरी सावलीत ठेवायची, आणि तापलेली असली तर लगेच चार्जिंगला लावायची नाही. तिलाही दम लागतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका बंगल्याच्या मालकांना कुंपणाचा माथा पाण्याच्या पातळीत हवा होता. त्यांच्याकडं गवंड्याची बुडबुड्याची पट्टी होती. जमीन उताराची आहे, असं मी दोनदा सांगितलं. "पातळी म्हणजे पातळी," ते म्हणाले. मी कापलं. वरच्या टोकाला कुंपण गुडघ्याला आलं आणि खालच्या टोकाला माझ्या डोक्यावर. मालकांनी दोन्ही टोकांना उभं राहून पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, "असू द्या. हितनं बकऱ्या दिसत्यात आणि तिथनं मेव्हणा दिसत न्हाई."

खोडदच्या बाजूला एका मळ्यात वर्षातून एकदा जायचे. तिथं शेतांच्या पलीकडं आकाशाचं ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या त्या जाळीच्या प्रचंड थाळ्या उभ्या असतात. मी एक बाजू कापून घाम पुसायला मान वर करावी, तोवर त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलेलं असायचं. फिरताना मात्र कधी दिसल्या नाहीत. त्या मळ्यात काम करताना मला उगाच हळू बोलावंसं वाटे.

पण सांगायचं आहे ते कळंबच्या ताराक्कांचं.

कळंबला हमरस्त्यापासून आत त्यांचं घर. मुलगा दत्ता, कांदा-ऊस करणारा. त्याची बायको मंचरला नोकरीला, आणि त्यांची पुढं झालेली छोटी चिमी. घराच्या ओट्यापासून थेट गोठ्यापर्यंत मेंदीचं लांब कुंपण होतं. दत्ताभाऊंनी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा सांगितलं, "आई आतमधी पडलीय. तिला दिसत न्हाई. साखरेनं डोळं गेलं. तुमी करा निवांत."

शेजारच्या शेतात ट्रॅक्टर नांगरत होता. मी गोठ्याकडून सुरुवात केली. एक बाजू झाली, मग माथा धरला. ऊन कोवळं, हवा थंड, पानांचा भुगा उडतोय. मला कामाची गुंगी चढली होती. समोर फक्त दोरी आणि तिच्याखालून सरकणारं पातं. तेवढ्यात दोरीच्या पलीकडं, पानांवर, एक हात दिसला. म्हातारा, सुरकुतलेला हात. तळवा खाली, बोटं सैल. पाण्यावरून होडी यावी तसा तो माथ्यावरून माझ्याकडं सरकत येत होता.

मी दोन्ही मुठी सोडल्या. मशीन पट्ट्यावर लोंबकळलं. पातं थांबलं तेव्हा तो हात त्याच्यापासून वीतभर होता. तो आणखी पुढं आला, पात्याच्या सपाट पाठीवर टेकला आणि थांबला.

"हे काय गं बाई?" पलीकडून आवाज आला. "कोमट हाय."

मी बॅटरी काढली. मग मी खालीच बसले.

"कोन हाय तिथं?"

"मी मंदा. कुंपन कापाया आले."

"आगं, मग मशीन कुठंय? मागच्या येळचा मानूस आला व्हता तवा गावभर बोंबलत व्हतं. मी ऐकून घरात बसले व्हते."

"त्ये पेट्रोलचं आक्का. हे बॅटरीचं हाय. आवाज कमी. त्यात ट्रॅक्टर चाललाय."

ताराक्का कुंपणाला वळसा घालून आल्या, हात पानांवरच ठेवून. ठेंगण्या, नऊवारीतल्या, डोळे उघडे पण कुठंच न लागलेले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "घाबरलीस व्हय? काय झालं न्हाई मला. म्हशीच्या धारेची येळ झाली म्हनून निगाले. रोज अशीच जाती. हात मेंदीवर ठिवायचा आन् चालायचं. शेवटाला गोठा येतो."

म्हैस अजून त्याच पिळायच्या. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती पान्हवत नव्हती.

मशीन शांत असणं ही चांगलीच गोष्ट आहे असं मी तोवर धरून चालले होते. त्या दिवसापासून काम सुरू करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला गाठून सांगायची सवय लागली, आणि कुंपणाच्या दोन्ही टोकांना मी लाल फडकं बांधू लागले. पण फडक्याचा ताराक्कांना काय उपयोग? त्यावर उपाय त्यांनीच काढला.

"मशीन मुकं हाय ना? मग तू बोल," त्या म्हणाल्या. "तुजा आवाज आला की मी वळखीन तू कुठं हाईस."

म्हणून कळंबचं कुंपण मी नेहमी बोलत कापलं. त्या ओट्यावर बसायच्या आणि मी खटका दाबला की बोलायचे, सोडला की थांबायचे. कधी मेंढरांचं, कधी डिंगोऱ्याचं, कधी काहीच सुचलं नाही तर समोर दिसेल ते. आता एक सुरवंट चाललाय. आता ऊन गोठ्याच्या पत्र्यावर आलंय. ताराक्कांनी आयुष्यभर गावाची पोलकी शिवली होती. मी एकदा काम उरकायच्या घाईत होते तेव्हा ओट्यावरून म्हणाल्या, "ढकलू नको. कापताना कापड ओढलं की येडंवाकडं जातं. कात्रीला जाऊ द्यावं." त्यांना मोटरचा आवाज दबलेला कळला होता. खरंच आहे, मशीन ढकललं की पातं काड्या कापायच्याऐवजी चावतं.

त्यांनी आणि त्यांच्या मालकांनी, गावाबाहेर हे घर बांधलं तेव्हा, मेंदीच्या काड्या लावल्या होत्या. मालक गेले, डोळे गेले, कुंपण राहिलं. कुठं ऊन आधी येतं, कुठं टाकीचं पाणी उडून पानं ओली असतात, कुठं फुलोरा आलाय, हे सगळं त्यांना तळहाताला कळायचं. "डोळं व्हते तवा मी ह्याच्याकडं कदी बगितलं न्हाई," असं त्या म्हणाल्या होत्या.

मग एका हिवाळ्यात ऊसतोड चालू असताना दत्ताभाऊंचा फोन आला. "मावशी, औंदा मशीन आनू नका. जेसीबी सांगितलाय. कुंपन काढून टाकतोय."

मी पहिल्या एसटीनं कळंबला गेले, मशीन घेऊनच. अंगणात दत्ताभाऊ चिमीला कडेवर घेऊन उभे होते. त्यांचं कुत्रं दाराशी बांधलेलं असायचं, तिथं नुसती साखळी होती. कुंपणाच्या बुंध्याशी, मऊ मातीत, ठसे होते. आणि एका जागी पानं दबून गादीसारखी झाली होती. बिबट्या तिथं बसून राहिला असणार. आमच्याकडं ऊस तुटू लागला की तो वस्तीकडं सरकतो, हे लहान पोरांनाही माहीत असतं.

"तुमाला वाईट वाटंल, ठावं हाय," दत्ताभाऊ म्हणाले. "पन ही पोर दिसभर ह्याच्याच कडंनं खेळती. घराभवती दडायला जागा ठिवू नका असं वनखात्याची मानसं बी सांगून गेली. मी काय करू, सांगा?"

 माझी नात त्या वयाची होती.

"आन् आक्का गोठ्यात कशा जातील?" मी विचारलं.

"पाइप लावतो की. ह्या टोकापासनं त्या टोकापत्तुर."

ताराक्का ओट्यावर बसल्या होत्या. हात मांडीवर. त्या म्हणाल्या, "माजं काय न्हाई. पोरीचं बगा. काडा कुंपन." एवढं बोलून त्या घरात गेल्या. चौकट चाचपडत गेल्या. त्यांना चाचपडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी कुंपणापाशी गेले. निरोप घ्यायला म्हणा हवं तर. दबलेल्या पानांपाशी बसले आणि तसंच खाली वाकून आत पाहिलं. इतकी वर्षं मी त्या कुंपणाचा परकर बाहेरून शिवत आले होते. आतून मात्र ते वेगळंच होतं. बाहेरच्या पानांच्या पडद्यामागं उघडे बुंधे, एकापुढं एक, आणि त्यांच्या मधून पलीकडच्या उजेडाचे बारके ठिपके. पडदा तेवढा काढला तर?

मी उठले. "दत्ताभाऊ, जेसीबी कवा येतोय?"

"दुपारी."

"तवर मला कुंपन द्या. पटलं न्हाई तर काडून टाका."

त्या दिवशी मी आयुष्यभर पाळलेल्या नियमाच्या उलट काम केलं. काठीनं ठोकून, दोन्ही बाजूंनी चालून घेतलं, आणि खालचा घेर कापायला घेतला. मेंदीला जून फांद्यांवर काटे असतात. मोजे असूनही मनगटं ओरबाडली. बारीक डहाळ्या मशीननं, जाड फांद्या करवतीनं. जमिनीपासून मांडीपर्यंत पान म्हणून ठेवलं नाही. मी बोलत होते का ते आठवत नाही, पण थोड्या वेळानं ताराक्का पुन्हा ओट्यावर येऊन बसलेल्या दिसल्या. दत्ताभाऊ आधी लांबून पाहत होते. एक बॅटरी संपली, दुसरी घालायला मी सावलीत गेले, आणि परत आले तर ते करवत घेऊन बुंध्यांशी बसलेले.

मग माथा. तिथंही नेहमीची दोरी उपयोगाची नव्हती. माथ्याच्या कापलेल्या काड्या टोचतात, त्यांच्यावरून म्हातारा तळवा सरकणार नाही. मी ताराक्कांना बोलावलं, त्यांचा हात चालताना जिथं येतो तिथं दोरी बांधली आणि तिच्या चार बोटं खाली कापलं. वर मऊ पालवी येईल आणि ती त्यांच्या हाताला लागेल. तोवर त्यांना धरून चालायला बाजूनं सुती दोर बांधला.

झाल्यावर दत्ताभाऊ अंगणात पालथे झोपले. हनुवटी जमिनीला लावून त्यांनी ओट्यापासून गोठ्यापर्यंत पाहिलं. "चिमे," त्यांनी हाक मारली, "पलीकडं जा आन् खाली बस."

चिमी गेली आणि बसली. बुंध्यांमधून तिचा पिवळा झगा, गुडघे, मातीचे पाय, सगळं दिसत होतं. तिला बाप दिसला आणि ती खिदळायला लागली. दत्ताभाऊ तसेच पडून राहिले. उठले तेव्हा त्यांनी शर्टाची माती झटकली नाही.

जेसीबी आला. ड्रायव्हरला चहा दिला. दत्ताभाऊ त्याला म्हणाले, "राव, तुमाला उगा फेरा पडला. ऱ्हाऊ द्या." त्यानं कुंपणाकडं पाहिलं आणि विचारलं, "ह्ये आसं उघडंनागडं कुनी कापलं?"

"मी," मी म्हणाले.

धंद्याच्या हिशोबानं ते कुंपण बिघडलंच होतं. पाय उघडे, वर हिरवं, लांबलचक टेबलासारखं. माझ्या नर्सरीतल्या माणसांनी ते पाहून माझी चेष्टा केली आणि मी ती ऐकून घेतली. त्या कापण्यानं बिबट्या यायचा थांबला असंही मी म्हणणार नाही. त्याचे ठसे बांधावर पुढंही दिसत. दत्ताभाऊंनी गोठ्याला जाळी लावली, दिवा लावला, चिमीला एकटं सोडणं बंद केलं. मात्र कुंपणाच्या आडोशाला तो पुन्हा बसलेला कुणाला दिसला नाही, आणि म्हशीचं दूध ताराक्काच काढत राहिल्या.

पुढं माझा खांदा गेला. हात वर जाईना, आणि मशीन तर दोन्ही हात मागतं. सगळी कामं सोडली. त्याचं वाईट अजून वाटतं. रस्त्यानं जाताना वाढलेलं कुंपण दिसलं की हातांच्या आपोआप मुठी वळतात. मशीन मी दत्ताभाऊंना दिलं आणि दोन सकाळी त्यांच्याबरोबर उभी राहून शिकवलं. आधी चालून बघायचं. अडकलं की बॅटरी काढायची. खांद्याच्या वर न्यायचं नाही. ढकलायचं नाही. हे शेवटचं ओट्यावरून ताराक्कांनीच सांगितलं.

यंदा पाऊस सरल्यावर एकदा भेटायला गेले. धारेची वेळ होती. ताराक्का निघाल्याच होत्या. माझा आवाज ऐकून थांबल्या. "मंदे, ये. आज तू बी डोळं मिटून चल. हात ठिव."

मी त्यांच्या मागं उभी राहिले आणि तळवा पानांवर ठेवला. इतकी वर्षं मी ते कुंपण मोजे घालून कापलं होतं. पालवी गार होती, मांजराच्या कानासारखी मऊ. आम्ही चालू लागलो. ऊन एका जागी आलं, गेलं. टाकीपाशी हात ओला झाला. फुलोऱ्याचा वास आला आणि मागं पडला. घर कुठं, रस्ता कुठं, मला काही कळेना, आणि कळून घ्यावं असंही वाटेना. चालता चालता एका जागी तळहाताखालचं कुंपण हळूच खाली गेलं, थोडं पुढं जाऊन पुन्हा वर आलं. माझी सवय. मी थांबले.

"हितं वाकडं झालंय आक्का. सांगा दत्ताभाऊंना, कापताना दोरी बांधत जा म्हनावं."

ताराक्का पुढं थांबल्या. त्यांचा हात मागं येऊन त्या खोलगट जागेवर, माझ्या हाताशेजारी, टेकला.

"वाकडं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "हितं येईस्तवर माजं लेकरू दमतं."